चूल, शेगडी आणि निळी ज्योत

छत्तीसगडच्या मैदानात हिवाळ्याची संध्याकाळ लवकर उतरते. धानाची कापणी आटोपलेली असते, खळ्यांवर पेंढ्याच्या गंजी उभ्या असतात, आणि दिवस मावळला की रायपूरच्या आसपासच्या वस्त्यांवर धुराचा एक पातळ थर जमिनीलगत पसरून राहतो. वरची हवा स्तब्ध असते आणि खालची गार. त्यामुळे तो धूर वर जात नाही, घरांच्या कौलांशी रेंगाळतो. त्यात अनेक अग्नींचा वाटा असतो. कोठे गोवऱ्या जळत असतात. त्यांना तिकडच्या बोलीत ‘छेना’ म्हणतात. कोठे दगडी कोळशाची सिगडी अंगणात पेटवून ठेवलेली असते. कोठे वृद्धांच्या पायांशी मातीची गोरसी धुमसत असते. आणि त्याच वस्तीतील पक्क्या घरांत निळ्या ज्योतीवर भात शिजत असतो. त्या ज्योतीतून काय बाहेर पडते, ते मात्र कोणाला दिसत नाही.

अन्न शिजवण्याच्या इतिहासातील अनेक युगे अशी एकाच शहरात, एकाच वेळी नांदताना आढळतात. या अग्नींचा इतिहास हा एका अर्थी घरातील हवेचा इतिहास होय. राज्ये बदलली, रस्ते झाले, रेल्वे आली, त्यांच्या नोंदी झाल्या. परंतु स्वयंपाकघरातील बाई दिवसातून चार-पाच तास कोणती हवा श्वासाबरोबर आत घेते, याची नोंद करावी असे फार काळ कोणाला सुचले नाही.

रायपूर मराठी माणसाला परके नाही. अठराव्या शतकाच्या मध्यास नागपूरकर भोसल्यांचा अंमल छत्तीसगडावर बसला. बिंबाजी भोसले यांनी १७५८ पासून १७८७ पर्यंत रतनपुरास राहून या मुलुखाचा कारभार पाहिला. १८१८ नंतर इंग्रज अधिकाऱ्यांनी मुख्य ठाणे रतनपुराहून रायपुरास आणले. १८५४ साली नागपूरचे राज्य खालसा झाले, आणि १८६७ साली रायपुरास नगरपालिका स्थापन झाली. कारकुनी, वकिली, शिक्षकी अशा निमित्ताने मराठी कुटुंबे येथे स्थिरावली. तात्यापारा या मोहल्ल्याच्या नावातच त्या वास्तव्याची खूण शिल्लक आहे. ‘छत्तीसगढ मित्र’ हे मासिक १९०० साली सुरू करणारे माधवराव सप्रे यांचा १९२६ साली अंत झाला, तो याच गावी. १९५६ पर्यंत रायपूर, नागपूर आणि वर्धा ही एकाच प्रांताची शहरे होती. त्यानंतर रायपूर मध्यप्रदेशात गेले, आणि २००० साली ते छत्तीसगड राज्याची राजधानी झाले.

या कुटुंबांनी आपल्याबरोबर आपली भाषा आणली, देव आणले, तशीच आपली चूलही आणली. मातीची चूल, तिच्या कडेला वैल, मागे भानवस, हाताशी फुंकणी, आणि वर छपराला काजळीचे दाट अस्तर. शेजारच्या छत्तीसगडी घरातील चूल आकाराने थोडी निराळी असेल. पण धूर सारखाच होता. तो धूर त्या काळी अपाय मानला जात नव्हता. त्याने गवताच्या छपरातील कीड मरत असे, शिंक्यावरचे आणि माळ्यावरचे धान्य टिकत असे, पावसाळ्यात डास दूर राहत. घरातून धूर निघतो आहे, याचा अर्थ घरात आज अन्न शिजते आहे, असा सरळ हिशेब होता. धूर न दिसणे हीच काळजीची गोष्ट होती.

आपल्या प्राचीन वैद्यांचे मात्र धुराकडे लक्ष गेले होते. सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानात अग्निकर्माच्या अध्यायात ‘धूमोपहत’ म्हणजे धुराने ग्रासलेल्या माणसाची लक्षणे सांगितली आहेत. त्याला धाप लागते, खोकला येतो, शिंका येतात, डोळ्यांची आग होऊन ते लाल होतात, वास आणि चव कळेनाशी होते. वर्णन इतके नेमके आहे की आजच्या वैद्यालाही त्यात भर घालण्यासारखे थोडेच सापडेल. पण ते वर्णन आगीच्या धुरात एकाएकी सापडलेल्या माणसाचे आहे. तीच मात्रा रोज थोडी थोडी, तीस-चाळीस वर्षे घेतली तर काय होते, हा प्रश्न निराळा होता. चुलीपुढे बसलेल्या बाईचे डोळे चुरचुरणे, पहाटे तिला खोकल्याची उबळ येणे, या गोष्टी आजारात गणल्याच गेल्या नाहीत. त्या संसाराच्या भागच समजल्या गेल्या.

बाळंतिणीच्या खोलीत तर धूर मुद्दाम आणला जात असे. महाराष्ट्रात बाजेखाली शेगडी ठेवून ओवा, बाळंतशेपा, वावडिंग यांची धुरी देण्याची चाल होती. छत्तीसगडात तेच काम गोरसी करीत असे. वारा लागू नये म्हणून दारे-खिडक्या बंद असत. हेतू उबेचा आणि मायेचा होता. परंतु जन्मास येऊन चार दिवसही न झालेल्या जिवाचा जगाशी पहिला परिचय निखाऱ्यांच्या वायूशी होत असे.

विसाव्या शतकाच्या आरंभी सरकारचे लक्ष प्रथम धुराकडे वळले. बंगालमध्ये १९०५ साली आणि मुंबई इलाख्यात १९१२ साली धुराच्या उपद्रवाविरुद्ध कायदे झाले. कलकत्त्याच्या तागाच्या आणि मुंबईच्या कापडाच्या गिरण्यांची धुराडी त्यांच्या कक्षेत आली. धूर किती काळा आहे, तो किती वेळ निघतो, याची पाहणी होऊ लागली. कायद्याचा रोख भट्ट्यांवर होता, आणि तो गिरणीच्या फाटकापर्यंत जाऊन थांबला. गिरणीत काम करणाऱ्या मजुराची बायको चाळीतल्या दहा-बारा फुटांच्या खोलीत शेगडी फुंकत होती. तिच्या धुराला धुराडे नव्हते, म्हणून तो धूर सरकारच्या दृष्टीस पडला नाही. पुढे १९८१ साली साऱ्या देशासाठी हवेच्या प्रदूषणाविरुद्ध कायदा झाला. त्याच्या आधारे ठरलेली मानकेही बाहेरच्या हवेचीच आहेत. घरातील हवा ही घरातल्यांनी पाहावी, असाच या साऱ्याचा अर्थ निघतो.

घरातल्यांनी पाहावे म्हणून प्रयत्न झाले, त्यांतला एक आद्य प्रयत्न रायपूरच्याच प्रांतात, वर्ध्याला झाला. १९३४ साली स्थापन झालेल्या अखिल भारतीय ग्रामोद्योग संघाचे काम जे. सी. कुमारप्पा यांच्या नेतृत्वाखाली मगनवाडीत चालत असे. घाणीचे तेल, हाताने कांडलेला तांदूळ, हातकागद यांच्याबरोबर तेथे चुलीचाही विचार झाला, आणि १९४७च्या सुमारास ‘मगन चूल’ पुढे आली. ती मातीचीच होती; मात्र धूर बाहेर नेण्यासाठी तिला धुराडे होते, आणि एकाच जाळावर एकाहून अधिक भांडी ठेवण्याची सोय होती. १९५३ साली हैदराबादचे अभियंते एस. पी. राजू यांनी कोट्यवधी लोकांसाठी धूरविरहित स्वयंपाकघर कसे करता येईल यावर पुस्तिका प्रसिद्ध केली. दोन्ही प्रयत्नांमागे एकच साधी समजूत होती: जळण बदलणे गरिबाच्या हातात नाही, पण धुराला वाट करून देणे त्याच्या हातात आहे.

ही समजूत खरी होती. तिची अंमलबजावणी मात्र अवघड ठरली. १९८३ साली केंद्र सरकारने सुधारित चुलींचा राष्ट्रीय कार्यक्रम हाती घेतला आणि २००२ पर्यंत देशभर तीन कोटींहून अधिक चुली वाटल्या. त्यांतल्या कितीतरी चुली थोड्याच वर्षांत मोडल्या किंवा अडगळीत पडल्या. काही ठिकाणी धुराड्यात काजळी साचे आणि ते साफ कोणी करावयाचे हे ठरलेले नसे. कौलारू छपराला भोक पाडले की पावसाळ्यात तेथून पाणी गळे. मोठ्या हंड्यासाठी चुलीचे तोंड लहान पडे. ज्या बाईने ती रोज वापरावयाची, तिला विचारून ती बनवलेली नसे. कार्यक्रम बंद झाला आणि चूल पुन्हा तीन दगडांवर आली.

यादरम्यान विज्ञान हळूहळू जागे होत होते. ४ फेब्रुवारी १९५९ रोजी रायपुरापासून सुमारे तीस किलोमीटरवर भिलाई येथे पोलाद कारखान्याच्या पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते झाले. त्या धुराड्यांकडे सारा देश अभिमानाने पाहत होता. त्याच १९५९ साली दिल्लीच्या हृदयरोगतज्ज्ञ डॉ. एस. पद्मावती यांचा, फुप्फुसांच्या विकारामुळे हृदयाची उजवी बाजू निकामी होते त्या रोगाच्या १२७ रुग्णांविषयीचा निबंध प्रसिद्ध झाला. पाश्चात्त्य देशांत हा रोग प्रामुख्याने धूम्रपान करणाऱ्या पुरुषांचा समजला जाई. दिल्लीत मात्र स्त्रिया मोठ्या संख्येने त्याला बळी पडत होत्या, त्याही पुरुषांहून कमी वयात. आणि त्यांच्यापैकी बहुतेकींनी विडीला कधी हात लावलेला नव्हता. डॉ. पद्मावतींचे बोट चुलीकडे वळले. भिलाईच्या भट्टीच्या बातम्या सर्वत्र छापून आल्या. या निबंधाची वार्ता वैद्यकाच्या वर्तुळाबाहेर फारशी गेली नाही.

त्यानंतर दोन तपे लोटली. १९८१ साली अमेरिकन शास्त्रज्ञ कर्क स्मिथ आणि त्यांच्या भारतीय सहकाऱ्यांनी गुजरातमधील चार खेड्यांत स्वयंपाक करणाऱ्या स्त्रियांच्या अंगावर हवा मोजण्याची उपकरणे बसवली. चुलीजवळच्या हवेत दर घनमीटरला सरासरी सुमारे सात मिलिग्रॅम कण आढळले. महानगराची हवा अत्यंत वाईट ठरते, त्या दिवशीही हे प्रमाण सहसा एका मिलिग्रॅमच्या पलीकडे जात नाही. प्रथमच चुलीच्या धुराला आकडा मिळाला, आणि आकडा मिळाल्यावर त्याला शासनदरबारी नाव मिळाले. २००९ साली पुण्याचे डॉ. संदीप साळवी आणि लंडनचे पीटर बार्न्स यांनी ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात मांडले की, जगात तंबाखू ओढणाऱ्यांहून जळाऊ लाकूड, शेण, काटक्या यांचा धूर घेणारे लोक कितीतरी अधिक आहेत, आणि श्वासनलिका कायमच्या अरुंद करणाऱ्या दम्यासारख्या विकाराचे ते जगातील सर्वांत मोठे कारण असू शकेल. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे २०२० साली घरातील धुरामुळे जगभर सुमारे ३२ लक्ष माणसे अकाली दगावली.

अशा वेळी गॅस हा मुक्तिदाता वाटावा, यात नवल नाही. गॅस या देशात प्रथम आला तो दिव्यांसाठी. १८६० नंतरच्या दशकात बॉम्बे गॅस कंपनीने दगडी कोळशापासून काढलेल्या वायूवर मुंबईच्या रस्त्यांतील दिवे उजळले, आणि पुढे काही घरांच्या स्वयंपाकघरांतही तो नळाने गेला. त्या वायूत कार्बन मोनॉक्साइडचा बराच अंश असे, त्यामुळे तो नळातून गळला तरी प्राणघातक ठरे. १९५५च्या सुमारास बर्मा-शेल कंपनीने मुंबईत सिलिंडरमधून द्रवरूप पेट्रोलियम वायू देण्यास प्रारंभ केला, आणि १९६५ साली इंडियन ऑइलचा ‘इंडेन’ गॅस कलकत्त्यापासून सुरू झाला. तोपर्यंत मध्यमवर्गीय घरांत घासलेटच्या स्टोव्हने चूल मागे सारली होती. आता स्टोव्हही मागे पडू लागला. गॅसच्या जोडणीसाठी वर्षानुवर्षे नाव नोंदवून वाट पाहावी लागे. सिलिंडर घरी येणे ही शेजाऱ्यापाजाऱ्यांत सांगण्याची गोष्ट होती.

गॅसबरोबर स्वयंपाकघराची सारी घडण बदलली. बाई जमिनीवरून उठून ओट्यापुढे उभी राहिली. भिंती पांढऱ्या झाल्या, भांड्यांची काजळी गेली, फुंकणी अडगळीत पडली. आणि धूर दिसेनासा झाला म्हणून धुराड्याची आणि गवाक्षाचीही गरज उरली नाही, असे घर बांधणाऱ्यांनी ठरवून टाकले. चुलीच्या घरात कौलांच्या फटी असत, वरच्या बाजूला झरोका असे, भिंत आणि छप्पर यांच्यामध्ये मोकळी जागा असे. नव्या घरात सिमेंटचे सपाट छत आले आणि एक लहानशी खिडकी उरली. वाहिन्यांच्या अरुंद बोळाकडे उघडणारी ती खिडकीही बहुधा बंदच राहते. ज्या वर्षांत जळण सुधारले, त्याच वर्षांत हवेची वाट अरुंद झाली.

गॅसची ज्योत स्वच्छ दिसते हे खरे. तिच्यात काजळी जवळजवळ नसते. परंतु त्या ज्योतीचे तापमान दीड हजार अंशांहून अधिक असते, आणि इतक्या उष्णतेत हवेतलेच नायट्रोजन आणि ऑक्सिजन एकत्र येतात. त्यातून नायट्रिक ऑक्साइड आणि त्यापासून नायट्रोजन डायऑक्साइड हा वायू तयार होतो. इंधनात कोणतीही भेसळ नसली, ज्योत अगदी निळीभोर असली, तरी हे घडतेच. कारण दोष इंधनाचा नाही, आपण ज्या हवेत ते जाळतो त्या हवेतलाच तो कच्चा माल आहे. हा वायू पाण्यात सहजासहजी विरघळत नाही. म्हणून तो नाकातल्या आणि घशातल्या ओलाव्यात अडकून न राहता फुप्फुसांच्या बारीक नळ्यांपर्यंत पोहोचतो आणि तेथे दाह निर्माण करतो. त्याला धूर नाही, आणि स्वयंपाकघरात तो ज्या प्रमाणात असतो त्या प्रमाणात त्याचा वासही सहसा जाणवत नाही. त्यामुळे डोळ्यांत पाणी आणून चूल जी सूचना देत असे, ती गॅस देत नाही.

बर्नरची भोके तेलकट मळीने बुजली, किंवा खोलीत पुरेशी हवा नसली, म्हणजे ज्योत पिवळी पडते आणि भांड्यांचे बूड काळे होऊ लागते. त्या वेळी कार्बन मोनॉक्साइडही वाढतो. हा वायू रक्तातील हिमोग्लोबिनला ऑक्सिजनहून दोनशेपटीहून अधिक घट्ट चिकटतो. हिवाळ्यात बंद न्हाणीघरांत गॅसच्या बंबामुळे होणारे मृत्यू याच वायूचे असतात. स्वयंपाकघरात त्याचे प्रमाण सहसा तेवढे वाढत नाही. तेथे तो डोके जड करून जातो, आणि बाई म्हणते की उन्हाने डोके चढले. याशिवाय तेल तापवणे, मिरचीची फोडणी देणे, तळणे यांतून उठणारे सूक्ष्म कण वेगळेच. ते गॅसवर उठतात तसे विजेच्या शेगडीवरही उठतात.

निळ्या ज्योतीविषयीची शंका प्रथम विलायतेत उपस्थित झाली. १९७७ साली इंग्लंड आणि स्कॉटलंडमधील साडेपाच हजारांहून अधिक शाळकरी मुलांची पाहणी प्रसिद्ध झाली. ज्यांच्या घरी गॅसवर स्वयंपाक होई, त्या मुलांत खोकला, कफ, छातीचे विकार हे विजेवर स्वयंपाक होणाऱ्या घरांतील मुलांपेक्षा अधिक आढळले. पाहणी करणाऱ्यांनी नायट्रोजन डायऑक्साइडकडे बोट दाखवले, पण सावधपणे. पुढील वर्षांत असे अनेक अभ्यास झाले. काहींत संबंध दिसला, काहींत दिसला नाही. २०१३ साली अनेक अभ्यासांचे एकत्रित गणित मांडले गेले, तेव्हा गॅसच्या घरांतील मुलांत दम्याची शक्यता सुमारे ४२ टक्क्यांनी अधिक निघाली. २०२१ साली जागतिक आरोग्य संघटनेने या वायूची वार्षिक सरासरी मर्यादा दर घनमीटरला ४० मायक्रोग्रॅमवरून १० मायक्रोग्रॅमवर आणली. लहान मूल आपल्या वजनाच्या मानाने मोठ्या माणसापेक्षा अधिक हवा आत घेते, आणि मूल आईच्या पदराशी, म्हणजे ओट्याशीच घोटाळत असते. म्हणून हा प्रश्न प्रथम मुलांत दिसून आला.

येथे तोल सांभाळणे अगत्याचे आहे. गॅसही वाईट आणि चूलही वाईट, मग चूलच काय वाईट, असा निष्कर्ष काढणे हे घोर अज्ञान ठरेल. २०२४ साली ‘लॅन्सेट’च्या श्वसनविकारविषयक नियतकालिकात जगभरच्या अभ्यासांचा जो आढावा आला, त्यात दोन्ही बाजू स्पष्ट झाल्या. लाकूड, शेण, कोळसा सोडून गॅसकडे वळणाऱ्या घरांत न्यूमोनिया, श्वासनलिकांचे जुनाट विकार आणि बाळाचे कमी वजन यांचा धोका कमी आढळला. विजेवर स्वयंपाक करणाऱ्या घरांशी तुलना करता मात्र गॅसच्या घरांत न्यूमोनिया आणि श्वासनलिकांच्या जुनाट विकारांचा धोका काहीसा अधिक आढळला. गॅस ही चुलीहून पुष्कळ वरची पायरी आहे. ती शेवटची पायरी नाही, एवढेच यावरून म्हणता येते. शिवाय २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या, तमिळनाडूसह चार देशांत घेतलेल्या मोठ्या प्रयोगात गर्भवती स्त्रियांना गॅस देऊन हवेतील कण बरेच कमी झाले, तरी बाळांच्या जन्मवजनात अपेक्षित फरक पडला नाही. केवळ एका घरातले जळण बदलून आरोग्य एका उडीत सुधारत नाही, हा त्याचा धडा.

रायपूर आणि त्याभोवतीचा प्रदेश पाहता हा धडा अधिकच पटतो. १ मे २०१६ रोजी गरीब कुटुंबांतील स्त्रियांच्या नावे गॅसजोडणी देणारी उज्ज्वला योजना सुरू झाली, आणि २०१९च्या सप्टेंबरात औरंगाबाद येथे आठ कोटींवी जोडणी दिली गेली. छत्तीसगडच्या खेड्यापाड्यांत लाल सिलिंडर पोहोचले. तरीही २०१९ ते २०२१ या काळातील राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत छत्तीसगडमधील सुमारे एक तृतीयांश घरेच स्वच्छ इंधनावर स्वयंपाक करताना आढळली. भारताच्या महालेखापरीक्षकांच्या २०१९ सालच्या अहवालात उज्ज्वलाची कुटुंबे वर्षाला सरासरी तीन ते चारच सिलिंडर भरून घेतात, असे नमूद झाले. सिलिंडर घरात असतो, पण तो पाहुण्यांच्या चहासाठी आणि पावसाळ्यातल्या ओल्या लाकडांच्या दिवसांसाठी राखून ठेवलेला असतो. रोजचा भात छेन्यावर शिजतो, कारण छेना अंगणात फुकट थापता येतो. अशा घरात बाई दोन्ही अग्नींचा वाटा घेते.

शहरातील घराची अडचण निराळी आहे. उरला आणि सिलतरा या औद्योगिक क्षेत्रांतील लोखंडाच्या भट्ट्यांची काळी भुकटी वाऱ्याबरोबर येते. गच्चीवर वाळत घातलेल्या कपड्यांवर आणि कुंडीतल्या तुळशीच्या पानांवर ती बसते. म्हणून गृहिणी खिडक्या लावून घेते. बाहेरची काजळी अडते खरी, पण आतला वायूही आतच राहतो. खिडकी उघडावी तर कारखाना आत येतो, आणि लावावी तर ज्योत आत कोंडते. १९६४ साली रायपुरात स्थापन झालेल्या रविशंकर विद्यापीठाच्या रसायनशास्त्र विभागाने घरगुती इंधनांच्या धुरावर जे संशोधन केले आहे, त्यामागे हीच परिस्थिती आहे: या शहरात घरातली हवा आणि बाहेरची हवा यांच्यामध्ये भिंत उभी आहे, पण सीमा नाही.

विजेच्या शेगडीचा पर्याय येथे सहज सुचतो. तिच्यावर ज्योतच नसल्यामुळे नायट्रोजन डायऑक्साइडचा प्रश्न स्वयंपाकघरापुरता मिटतो. पण छत्तीसगडची वीज मुख्यतः कोळशावर निर्माण होते. तिचा मोठा भाग कोरब्याच्या वीजकेंद्रांतून येतो, आणि तेथील धुराड्यांच्या छायेतही माणसे राहतात, त्यांच्याही घरांत मुले आहेत. रायपूरच्या ओट्यावरून हटलेला धूर कोरब्याच्या आकाशात गेला, तर त्याला धुराचा नाश म्हणता येणार नाही. तरीही उंच धुराड्याला गाळणी लावणे शक्य असते, त्याचे मोजमाप होऊ शकते, त्याच्यावर कायदा चालतो. लाखो स्वयंपाकघरांवर यांतले काहीच चालत नाही. म्हणून धूर एका ठिकाणी आणणे हेही काही थोडे नाही.

तोपर्यंत घरोघरी करण्यासारख्या गोष्टी साध्या आहेत. गॅसवर स्वयंपाक चालू असताना ओट्याच्या वरच्या बाजूला हवा बाहेर फेकणारा पंखा चालू असावा. ओट्यावर बसवण्याच्या ज्या आधुनिक ‘चिमण्या’ बाजारात मिळतात, त्यांतल्या काही हवा बाहेर नेत नाहीत. कोळशाच्या जाळीतून गाळून ती पुन्हा खोलीतच सोडतात. तेलाचा चिकटपणा त्यांत अडकतो, वायू अडकत नाही. म्हणून नळ बाहेर काढलेली चिमणीच घ्यावी. एक झडप खाली जमिनीलगतही असावी, कारण गळलेला पेट्रोलियम वायू हवेहून जड असतो आणि खालीच साचतो. जळालेला वायू मात्र तापलेला असल्याने वर जातो. दोघांना दोन वाटा हव्यात. बर्नर वेळच्या वेळी साफ करावेत. डाळ भिजवून, झाकण ठेवून, प्रेशर कुकरमध्ये शिजवावी, म्हणजे ज्योत जळण्याचा वेळच कमी होतो. आणि फोडणीच्या वेळी मुलाला माजघरात बसवावे. बाहेर भट्ट्यांची भुकटी उडत असेल त्या दिवशीही स्वयंपाकाच्या वेळेपुरती खिडकी उघडावी. मग वाटल्यास ती लावून घ्यावी.

या सगळ्याचा खर्च फार नाही. पण घर बांधताना त्याची आठवण होणे महत्त्वाचे. रायपूरभोवती आज जी नवी घरे उठत आहेत, सरकारी योजनांतली आणि खासगीही, त्यांच्या नकाशांत देवघराची जागा ठरलेली असते, सिलिंडरची जागा ठरलेली असते, नळाची आणि विजेच्या बटणाची जागा ठरलेली असते. मगनवाडीच्या कारागिरांनी पाऊणशे वर्षांपूर्वी मातीच्या चुलीसाठी जो प्रश्न प्रथम विचारला, हवा बाहेर कोठून जाणार, तो प्रश्न त्या नकाशावर सही करण्यापूर्वी आजही विचारावयास हवा. घरधनिणीला तो विचारता येईल, गवंड्याला विचारता येईल, आणि नगरपालिकेच्या अभियंत्यालाही विचारता येईल. त्याचे उत्तर म्हणजे भिंतीतले एक-दोन फुटांचे भोक असते, आणि त्या भोकातून पुढल्या तीस वर्षांचा एका कुटुंबाचा श्वास येत-जात असतो.